मशरूमने मंत्रचळ जातो? बातमी तपासायची कशी, आणि तोवर करायचं काय

‘एका डोसात ओसीडी गेला’ अशी बातमी मोबाइलवर येते, सोबत मशरूमचं रंगीत चित्र. ओसीडी म्हणजे ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. ज्याला त्रास आहे तो त्या रात्री दोन-अडीचपर्यंत शोधत बसतो. कुठे मिळतं, किती घ्यायचं, कुणाला गुण आला. म्हणून पहिली सूचना बातमीबद्दल नाहीच, घड्याळाबद्दल आहे. ओसीडीत ‘खात्री होईपर्यंत शोधत राहणं’ हीसुद्धा एक कृतीच असते, हात धुण्यासारखी. वीस मिनिटांचा टायमर लावा, खाली दिलेल्या गोष्टी तेवढ्या तपासा आणि तो वाजला की थांबा. मनाची खात्री झाली नसेल तरी थांबा.

आपल्याकडे याला मंत्रचळ म्हणतात आणि तो शब्द चेष्टेतच जास्त वापरला जातो. कुलूप तीनदा ओढून बघणारे काका, सोवळंओवळं फार करणारी आजी. आजार त्याच्या पुढे सुरू होतो. नको असलेला विचार डोक्यात घुसतो, तो शमवायला काहीतरी करावंच लागतं, आणि त्यात दिवसाचा तासभर किंवा जास्त जातो, नाहीतर कामधंदा अडतो. अंबाबाईच्या देवळात प्रदक्षिणा मोजताना आकडा चुकला असं वाटून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं, हे एखाद्या वेळी झालं तर श्रद्धा. दर वेळी, रडकुंडीला येऊन, घरचे बाहेर खोळंबलेले असताना झालं तर ते डॉक्टरांना दाखवायचं.

आधी मोजपट्टी समजून घ्या

या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासात एकच मोजपट्टी असते, येल-ब्राउन स्केल, म्हणजे वाय-बॉक्स. १९८९ साली ती प्रसिद्ध झाली. दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४०. पहिले पाच प्रश्न विचारांबद्दल, पुढचे पाच कृतींबद्दल. दोन्हीकडे तेच विचारतात: वेळ किती जातो, कामात अडथळा किती, त्रास किती, विरोध किती करता, ताबा किती राहतो. वेळेचा प्रश्न घ्या. दिवसाला तासाच्या आत १ गुण, १ ते ३ तास २, ३ ते ८ तास ३, आठच्या वर ४. एकूण बेरीज ७ पर्यंत असेल तर आजार नसल्यात जमा, ८ ते १५ सौम्य, १६ ते २३ मध्यम, २४ ते ३१ तीव्र, ३२ पासून पुढे अतितीव्र.

उपचाराचा ‘गुण आला’ असं म्हणायला आकडा साधारण ३५ टक्के खाली यावा लागतो. २८ चे १८ झाले तर गुण आला म्हणायचं. २८ चे २४ झाले तर बरं वाटलं असेल, पण तो उपचार लागू पडला असं कुणी लिहिणार नाही. ही एक बेरीज-वजाबाकी ध्यानात राहिली तर अर्ध्या बातम्या आपोआप गळून पडतात. आणि हीच पट्टी घरच्या उपचारालाही लावायची आहे, तिकडे पुढे येऊच.

अभ्यास वाचताना बोट कुठे ठेवायचं

सायलोसायबिन हे त्या मशरूममधलं द्रव्य. एलएसडी त्याच्याच कुळातलं. दोन्ही सेरोटोनिनच्या ५-एचटी२ए या रिसेप्टरवर (पेशीवरच्या ग्राहीवर) काम करतात. ओसीडीच्या नेहमीच्या गोळ्याही सेरोटोनिनवरच, पण वेगळ्या वाटेने. म्हणून संशोधकांचं लक्ष इकडे गेलं. १९८७ साली अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या एका नियतकालिकात एक पत्र छापून आलं होतं, एलएसडी आणि सायलोसिनने (शरीरात गेल्यावर सायलोसायबिनचं हेच होतं) लक्षणं कमी झाल्याच्या नोंदीबद्दल. पत्र म्हणजे पुरावा नव्हे. पण तिथून पुढे उंदरांवर प्रयोग झाले. उंदीर पिंजऱ्यात ठेवलेल्या काचेच्या गोट्या भुशात पुरत राहतात, ते पुरणं सायलोसायबिनने कमी झाल्याचं २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. उंदराने गोट्या कमी पुरल्या म्हणून माणसाने गॅसचं बटण कमी तपासलं असं होत नाही, एवढं समजून पुढे जायचं.

माणसांवरचा जो अभ्यास सगळीकडे उद्धृत होतो तो २००६ चा, ॲरिझोना विद्यापीठातला, फ्रान्सिस्को मोरेनो यांच्या गटाचा. बातमीत येतं: ‘लक्षणं १०० टक्क्यांपर्यंत कमी’. आता मूळ निबंधात बोट ठेवून वाचा.

माणसं किती? नऊ.

डोस किती? वजनाच्या दर किलोला १००, २०० आणि ३०० मायक्रोग्रॅम, आणि तुलनेसाठी अगदी कमी असा २५ मायक्रोग्रॅम. दोन डोसांत किमान आठवड्याचं अंतर.

उतार किती? २३ ते १०० टक्के. म्हणजे ज्याला सगळ्यात कमी फरक पडला तो ३५ च्या रेषेपर्यंतही पोचला नाही. बातमीने वरचा आकडा उचलला आणि खालचा तिथेच सोडला.

मोजलं कधी? डोस दिल्यावर ४, ८ आणि २४ तासांनी. इथे थांबून दोनदा वाचा. ‘ओसीडी गेला’ म्हणायला चोवीस तास पुरत नाहीत. वेळेचा प्रश्न ‘दिवसाला किती तास’ असं विचारतो आणि त्यातला बराचसा दिवस तर दवाखान्यातच गेलेला.

तुलनेतून काय निघालं? डोस वाढवला म्हणून फायदा वाढला असं आकड्यांनी सिद्ध झालं नाही. २५ मायक्रोग्रॅमच्या डोसानेही लक्षणं उतरली. आता हे द्रव्याने झालं, की दिवसभर दोन प्रेमळ माणसं शेजारी बसली म्हणून, की अपेक्षेनेच झालं, हे या अभ्यासावरून सांगता येत नाही. अभ्यास वाईट होता असं नाही. तो सुरक्षितता पाहायला केलेला होता आणि तेवढं काम त्याने केलं. एकाचा रक्तदाब तात्पुरता चढला, बाकी मोठा धोका दिसला नाही. त्याच्याकडून बरं झाल्याचं प्रमाणपत्र मागणं ही आपली चूक.

यातला सगळ्यात चिवट प्रश्न आंधळेपणाचा, म्हणजे कुणाला काय दिलं हे कुणालाच न कळण्याचा. साखरेची गोळी आणि सायलोसायबिन यांतला फरक घेणाऱ्याला तासाभरात कळतो. भिंती हलायला लागल्यावर ‘मला प्लासिबो मिळालं’ असं कोण म्हणेल? येल विद्यापीठाच्या चाचणीत म्हणून दर किलोला ०.२५ मिलिग्रॅम सायलोसायबिनच्या समोर २५० मिलिग्रॅम नायासिन ठेवलं. नायासिनने चेहरा लाल होतो, अंग गरम होतं, काहीतरी मिळालंय असं वाटतं. तोडगा बरा आहे, पुरा नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने, एमडीएमए या नशेच्या द्रव्याला औषध म्हणून परवानगी नाकारली, त्याआधी सल्लागार समितीतही हा मुद्दा निघालाच होता, जरी तो आजार वेगळा होता. म्हणून कोणत्याही बातमीत शोधा: समोर काय दिलं होतं, आणि ‘तुम्हाला कोणतं मिळालं असं वाटतं?’ हे सहभागींना विचारलं होतं का.

चाचणीला नोंदणी क्रमांक असतो. परदेशातल्या बहुतेक चाचण्यांचा ‘एनसीटी’ने सुरू होतो आणि पुढे आठ आकडे असतात, भारतातल्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत. क्रमांक टाकून ते पान उघडा आणि ‘मुख्य निष्कर्ष काय व कधी मोजणार’ हे आधी काय लिहिलं होतं ते पाहा. आठ आठवड्यांनी मोजू असं लिहून छापताना फक्त दोन दिवसांचा आकडा पुढे केला असेल तर तिथेच फाइल मिटवा.

पाहणीवर आधारलेल्या बातम्या वेगळ्या. २०२३ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये एक ऑनलाइन पाहणी छापून आली. ओसीडी असलेल्या आणि अशी द्रव्यं घेतलेल्या १७४ जणांनी उत्तरं दिली, त्यांतल्या ३० टक्क्यांहून जास्त जणांनी तीन महिन्यांपेक्षा अधिक टिकलेला फायदा सांगितला. ऐकायला मोठं वाटतं. पण अशा पाहणीचा फॉर्म भरायला कोण येतं? ज्याला गुण आला तो. ज्याचं बिघडलं, जो घाबरून पुन्हा त्या वाटेला गेला नाही, तो बहुधा येतच नाही. शिवाय काय घेतलं, किती घेतलं, हे आठवणीवर. ओसीडी आहे हे स्वतःच्या सांगण्यावर. अशा पाहणीतून पुढच्या चाचणीचा प्रश्न निघतो, औषधाची चिठ्ठी निघत नाही.

आता तीच पट्टी घरच्या फाइलला लावा

‘सगळे उपचार झाले, आता हेच उरलंय’ असं म्हणणाऱ्यांच्या जुन्या चिठ्ठ्या मांडून बसलं की बहुतेक वेळा उपचार झालेले नसतात, सुरू झालेले असतात. हे आमचं ठाम मत आहे आणि त्यासाठी कुणाला दोष द्यायचा नाही.

चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावा. प्रत्येक औषधापुढे तीन गोष्टी लिहा: जास्तीत जास्त डोस किती झाला, त्या डोसवर किती आठवडे, आणि का थांबलं. ओसीडीला नैराश्यापेक्षा मोठा डोस आणि जास्त वेळ लागतो. फ्लुओक्सेटिन ४० ते ८० मिलिग्रॅम, सर्ट्रालिन २०० पर्यंत, फ्लुवोक्सामिन ३०० पर्यंत असे आकडे असतात. एकूण ८ ते १२ आठवडे, आणि त्यातले ४ ते ६ झेपेल त्या सर्वांत वरच्या डोसवर, एवढं झाल्याशिवाय ‘हे औषध लागू पडलं नाही’ असं म्हणता येत नाही. सर्ट्रालिन ५० वर पाच आठवडे काढून सोडलं असेल तर ते वहीत ‘अपुरं’ म्हणून लिहा, ‘निकामी’ म्हणून नको. डोस वाढवायचं काम डॉक्टरांचं, घरी करायचं नाही. दोन औषधं नीट देऊनही फरक नसेल तर क्लोमिप्रामिन असतं, त्याला ईसीजी आणि लक्ष लागतं. शिवाय जोडीला कमी डोसात रिस्पेरिडोन किंवा अरिपिप्राझोल देतात, विशेषतः अंगाला आपोआप बसणारे झटके (टिक्स) असतील तेव्हा.

मग त्याच फाइलीत शोधा: ईआरपी कधी झालं का? समुपदेशन नव्हे, ध्यान नव्हे. ईआरपी म्हणजे भीतीच्या गोष्टीसमोर ठरवून जायचं आणि कृती करायची नाही. १९६६ पासून चालत आलेली पद्धत, साधारण १३ ते २० आठवडी बैठका आणि रोजचा गृहपाठ. बहुतेक फाइलींत ही जागा कोरी असते.

ईआरपीची शिडी जवळून

दूषित होण्याची भीती असलेल्याचं उदाहरण घेऊ. दहा-बारा प्रसंग लिहा आणि प्रत्येकाला ० ते १०० मध्ये अस्वस्थतेचा आकडा द्या. घरच्या कडीला हात लावून दहा मिनिटं न धुणं, २०. वाण्याने दिलेल्या सुट्ट्या नोटा मोजून खिशात ठेवणं, ३०. केएमटीत (कोल्हापूरच्या शहर बसमध्ये) उभ्याने दांडी धरून जाणं आणि त्याच हाताने मोबाइल घेणं, ४५. तो हात उशीला पुसणं, ५५. कोल्हापुरातल्या गंगावेशेत दूध कट्ट्यावर, आधीच्या गिऱ्हाइकाने ठेवलेला ग्लास पाण्यातून काढून त्यातच पिळून दिलेलं धारोष्ण दूध पिणं, ७०. घरी येऊन हात न धुता मुलाचं दप्तर भरणं, ८५.

नियम एकच: शिडीवर अशाच गोष्टी घ्यायच्या ज्या गावातली चार माणसं रोज विचार न करता करतात. गटारात हात घालणं हे ईआरपी नाही, ते धाडस आहे.

सुरुवात ३० च्या आसपास करा. एका बैठकीला ४५ ते ६० मिनिटं द्या, रोज. आधी कागदावर लिहा: ‘काय होईल असं वाटतं?’ संपल्यावर लिहा: ‘काय झालं?’ अस्वस्थता निम्मी झाली तर छान. नाही झाली तरी बैठक वाया गेली नाही, कारण ती अंगावर घेऊनही तुम्ही तिथे थांबलात. तीन-चार दिवस तीच पायरी, मग पुढची. ७० च्या वरच्या पायऱ्या मानसतज्ज्ञ सोबत असतानाच.

बिघडतं कुठे ते सांगतो. दूध पिताना मनात ‘काही होत नाही, काही होत नाही’ असं मोजून म्हणणं, ही कृतीच झाली, फक्त दिसत नाही. खिशात सॅनिटायझरची बाटली ठेवणं, वापरली नाही तरी. ‘रात्री घासून अंघोळ करीन’ असा मनातला सौदा. गॅसचं बटण बंद केल्याचा फोटो काढून ऑफिसात दहादा बघणं. हा नवा प्रकार फार वाढलाय आणि लोकांना तो उपायच वाटतो.

आणि घरचे. ‘आई, बघ की गं, हात लागला न्हवं माझा त्याला? काय हुईल का?’ आई मायेनं म्हणते, ‘काय होत न्हाई बाळा.’ पाच मिनिटं शांतता, मग पुन्हा तेच. प्रत्येक उत्तर आजाराला खाऊ घालतं. आधी शांतपणे बसून दोघांनी ठरवायचं, आणि मग आईनं एवढंच म्हणायचं, ‘ह्ये तुझं ओसीडी इचारतंय. मी उत्तर देणार न्हाई. चहा ठेवू?’ न ठरवता एकदम उत्तर बंद केलं तर तो छळ होतो.

मशरूमच्या वाटेला जाऊन काय होतं

सगळ्यात वारंवार घडणारी चूक मशरूम खाण्याच्याही आधीची आहे. कुठेतरी वाचलेलं असतं की सेरोटोनिनच्या गोळ्या चालू असताना सायलोसायबिनचा असर कमी होतो. ते बऱ्याच अंशी खरं आहे. म्हणून माणूस स्वतःच गोळी बंद करतो. चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखं, चिडचिड, आणि काही आठवड्यांत ओसीडी दुपटीने परत. मशरूम हाती येतच नाही, असलेला आधार मात्र गेलेला.

लिथियम (बायपोलरवर देतात ते औषध) चालू असलेल्यांनी एलएसडी किंवा सायलोसायबिन घेतल्यावर फिट आल्याच्या नोंदी आहेत. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात स्किझोफ्रेनिया वा बायपोलर असलेल्यांना चाचण्या दारातच थांबवतात. आत घेतलेल्यांसाठी आधी तयारीच्या बैठका, सहा-आठ तास खोलीत प्रशिक्षित माणसं, रक्तदाबाची मोजणी, नंतर पाठपुरावा. मित्राच्या खोलीवर यातलं काहीच नसतं. आणि ओसीडीवाल्याच्या बाबतीत एक खास धोका: ‘मी वेडा तर होणार नाही ना’ हाच ज्याचा मूळ विचार, त्याच्या हाती पुढची काही वर्षं उगाळायला एक रात्र मिळते.

पावसाळ्यात पन्हाळा, गगनबावड्याकडे उगवणारी भूछत्रं चित्राशी ताडून गोळा करणं तर मुळीच नको. विषारी जातींतल्या काहींचा त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो, मग दिवसभर बरं वाटतं आणि नंतर यकृत बंद पडतं. कुणी खाल्लंच असेल तर उलटीची वाट न बघता उरलेलं भूछत्र कागदी पिशवीत घालून थेट कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.

कायदा: सायलोसायबिन आणि एलएसडी दोन्ही अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा १९८५ खाली येतात. एलएसडीची ‘अल्प मात्रा’ २ मिलिग्रॅम आणि ‘व्यापारी मात्रा’ ०.१ ग्रॅम. व्यापारी मात्रेला किमान शिक्षा दहा वर्षं. ‘औषध म्हणून घेत होतो’ हा बचाव चालत नाही. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना सायलोसायबिन द्यायला मुभा दिली, ती इतर उपचारांना न जुमानणाऱ्या नैराश्यासाठी. ओसीडी त्या यादीत नाही. केटामाइन वेगळं, ते भूल देण्याचं कायदेशीर औषध आहे आणि २०१३ मध्ये १५ जणांवरच्या एका चाचणीत ओसीडीवर तात्पुरता उतार दिसला. त्याच्या जाहिरातीलाही वरचेच प्रश्न विचारा.

पाहणीत भाग घ्या म्हणून लिंक आली तर

भाग घेण्यात गैर काही नाही, पण पहिल्या पानावर चार गोष्टी असल्याच पाहिजेत: कोणतं विद्यापीठ, नैतिक समितीची मंजुरी, माहिती निनावी राहील का आणि किती वर्षं ठेवणार, आणि मधेच सोडायची मुभा. द्रव्य घेतल्याची कबुली म्हणजे आपल्याकडे गुन्ह्याची कबुली. तेव्हा नाव, मोबाइल नंबर, गुगल खात्यातून लॉगइन मागणारा फॉर्म भरू नका. काही न घेतलेल्यांनाही भाग घ्यायला सांगत असतील तर ती पाहणी बरी समजा. तुलनेला माणसं लागतात.

दवाखान्यात जाताना

सीपीआरला मनोविकार विभाग आहे; सकाळी लवकर केसपेपर काढा, दुपारी गेलात तर फेरी वाया. खासगीत राजारामपुरी-शाहूपुरीत पर्याय आहेत. ईआरपीसाठी मानसतज्ज्ञ निवडताना आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक विचारा आणि हा प्रश्न टाका: ‘तुम्ही शिडी करून घेता का, आणि बैठकीत सोबत बाहेर येता का?’ नुसतं बोलू म्हणाले तर दुसरीकडे जा. कोल्हापुरात सोय झाली नाही तर बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत ओसीडीचं स्वतंत्र क्लिनिक आहे. रात्री-अपरात्री बोलायला टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटतोय असं असेल तर कशाचीही वाट पाहू नका.

सोबत एकच पान न्या. वर वाय-बॉक्सचा आकडा आणि तारीख. खाली औषधांचा तक्ता: नाव, वरचा डोस, आठवडे, का थांबलं. त्याखाली शिडीवरच्या पाच पायऱ्या. आणि शेवटी मशरूमबद्दल सरळ लिहा, वाचलंय की घेतलंय ते. घेतलं असेल तर काय, कधी, सोबत कोणत्या गोळ्या चालू होत्या. डॉक्टर पोलिसात देतील या भीतीने लोक हीच ओळ गाळतात आणि मग चुकीच्या माहितीवर औषध लिहिलं जातं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ खाली ती माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तपासणीला दहा मिनिटं मिळतात, त्यातली पहिली दोन या पानाला द्या.